वाजणारी भिंत

आमच्या टकटकला खुर्चीत बसलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. ती येते, एक चप्पल इकडे, एक तिकडे भिरकावते, पाणी उभ्यानेच पिते आणि माझ्याशी बोलता बोलता भिंतीच्या कडेकडेने चालू लागते. उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून टक, टक. दोन पावलं पुढे, पुन्हा टक, टक. कपाटाशी आली की वळसा घालते, खिडकीशी थांबते, भिंतीला कान लावते आणि जाहीर करते, "मावशी, इथे वाजतेय बघ."

वाजतेय म्हणजे गिलावा भिंतीपासून सुटलाय, आत पोकळी झालीय. तिच्या धंद्यात वाजणं हा आजार. निरोगी भिंत मुकी असते, बोट आपटलं तरी हूं की चूं करत नाही. आमच्या धंद्यात बरोबर उलटं. प्रयोग संपल्यावर कुणी विंगेत येऊन म्हणालं, "आज आवाज काय वाजला तुमचा!" की त्या रात्री जेवण जास्त जायचं. एकाच शब्दावर आम्ही मावशी-भाचीने दोन संसार केले, आणि तो शब्द आम्हां दोघींना एका भिंतीपाशी समोरासमोर घेऊन येईल असं कधी वाटलं नव्हतं.

ती माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. खरं नाव चांगलं लांबलचक आहे, पण ते आता तिच्या सहीपुरतं उरलंय. माझी बहीण आमच्या नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळायची. पोरीला घरी बघायला कुणी नाही, म्हणून बरोबर घेऊन यायची. ही पोर विंगेत वाढली. टोपांच्या पेटीवर झोपली, तलवारींनी खेळली, आमच्या पावडरी खाल्ल्या. चार-पाच वर्षांची असताना एका दुपारी तालीम चालू होती आणि ही राजवाड्याच्या दगडी भिंतीला टेकायला गेली. दगडी भिंत कापडाची होती. पोर भिंतीसकट पलीकडे! राजा ओरडला, प्रधान पडद्यात अडकला, मी हसता हसता माझं वाक्य विसरले. तिला लागलं काहीच नाही, पण रडली मात्र अशी, की बाहेर तिकिटं विकणारा धावत आत आला. "भिंत खोटी आहे! मावशी, भिंत खोटी आहे!"

त्या दिवसापासून कुठल्याही भिंतीला पाठ टेकण्याआधी ती बोटाने वाजवून पाहायला लागली. आम्ही तिला टकटक म्हणायला लागलो. तिने ते नाव आणि ती सवय दोन्ही टाकली नाहीत. पुढे त्यातच शिक्षण घेतलं आणि जुन्या इमारतींची डॉक्टर झाली. पडके बुरूज, कोसळायला आलेल्या कमानी, जमिनीखालून उकरून काढलेली जोती, कुठे कुठे म्हणून हिंडली. तिच्या पर्समध्ये पावडर-कंगवा कधी सापडला नाही. कापसाचे बोळे, मऊ ब्रश, टॉर्च, आणि दातांच्या डॉक्टरांची हत्यारं.

ही हत्यारं कुठून येतात ते सांगायलाच हवं. तिचा नवरा दंतवैद्य आहे. त्याच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले बारीक चमचे, आकडे, छोट्या दांड्याचे आरसे, पिचकाऱ्या हिच्याकडे येतात. दगडाच्या नक्षीत बसलेली घाण काढायला यांच्यासारखं दुसरं काही नाही म्हणे. जावईबापू शांत माणूस. एकदा माझ्या दाढेत डोकं घालून म्हणाला, "मावशी, आमचा धंदा एकच. मी तोंडातल्या पोकळ्या भरतो, ही भिंतीतल्या. फरक एवढाच की माझे पेशंट बोंबलतात."

"आणि माझे पडतात," टकटक मागून म्हणाली. ती तेव्हा दवाखान्याची भिंत वाजवत होती.

तिचं काम मी जवळून पाहिलंय. एका जुन्या रंगवलेल्या छताखाली पाठीवर पडून ती कापसाच्या बोळ्याला स्वतःची थुंकी लावून धूर पुसत होती. मी म्हटलं, "शी! एवढी शिकलीस आणि थुंकतेस?" तर म्हणाली, "थुंकीइतकं सौम्य औषध दुकानात मिळत नाही, मावशी. आणि फुकट." अख्ख्या दिवसात तळहाताएवढा निळा रंग वर आला. मला वाटलं, बाई, एवढ्या वेळात आम्ही तीन अंकी नाटक बसवून पाडलंसुद्धा असतं.

तिचा एक नियम आहे. आपण केलेलं आपल्यानंतरच्या माणसाला काढता आलं पाहिजे. जुन्या वास्तूत नवं काही घातलं तर ते असं घाला, की उद्या कुणी जास्त शहाणा आला तर त्याला मूळ दगडाला धक्का न लावता तुमचं सगळं उचलून बाहेर ठेवता येईल. हा नियम ती घरातसुद्धा पाळते. भिंतीत खिळा नाही, जमिनीला काही चिकटवलेलं नाही, पडदेसुद्धा चिमट्यांवर. जावई एकदा म्हणाला, "म्हणजे मीसुद्धा काढता येण्यासारखाच का?"

"तू जोडकाम आहेस," ती म्हणाली. "मूळ बांधकाम मावशी."

तर अशा या मुलीकडे आमच्या नाटक कंपनीचं थिएटर आलं.

ते किती वर्षं कुलपात होतं कोण जाणे. नाटक कंपनी मोडली, मग तिथे गोदाम झालं, मग कबुतरं. तिथे गाड्या ठेवायला जागा करायची, असंही मधे घाटत होतं. शेवटी सरकारच्या जुन्या वास्तूंच्या खात्याने ते ताब्यात घेतलं आणि दुरुस्तीचं काम टकटककडे दिलं. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि माझ्या खोलीत इतक्या फेऱ्या मारल्या, की खालच्या मजल्यावरच्या बाई विचारायला आल्या, सामान हलवताय का?

आमच्या थिएटरच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, माणसाच्या डोक्याच्या चांगलं वर, नक्षीची एक पट्टी आहे. चुन्याच्या गिलाव्यात काढलेली मोठी फुलं, एकापुढे एक, स्टेजपासून मागच्या दारापर्यंत. प्रत्येक फुलाच्या मधोमध बोट जाईल एवढं भोक. आम्ही समजायचो, पूर्वी तिथे दिवे टांगत असणार.

टकटकने परांचीवर चढून एकेक फूल वाजवलं. सगळी वाजत होती. तिनेही दिव्यांचाच विचार केला. फुलामागे लाकडी खुंटी असणार, लाकूड कुजलं असणार, आत पोकळी झाली असणार आणि आता फूल नुसतं स्वतःच्या हिमतीवर भिंतीला धरून असणार. उद्या प्रयोग चालू असताना एखादं खाली बसलेल्याच्या टाळक्यात पडलं म्हणजे? इलाज सरळ होता. पिचकारीने पातळ चुना आत सोडायचा, पोकळी भरायची. एरवी त्यासाठी गिलाव्याला नवी भोकं पाडावी लागतात आणि ते तिच्या जिवावर येतं. इथे भोकं तयार होती.

"माझ्यासाठीच ठेवल्यासारखी!" ती मला म्हणाली होती. खूश होती. जुन्या गिलाव्याला एक ओरखडासुद्धा न काढता काम होणार होतं.

भांडण झालं ते चुन्यावरून. तिने निवडलेला चुना कमजोर, पातळ आणि अतिशय आळशी. हवा लागली तरच तो घट्ट होतो, आणि भिंतीच्या पोटात हवा कुठून येणार? कामावरचे मिस्त्री वैतागले. "मॅडम, हा चुना आमच्या नातवंडांच्या लग्नात सुकेल." खात्याचे साहेबही म्हणाले, की बाजारात चटकन धरणारा माल मिळतो, तो का नको? टकटक हटली नाही. फुलाला मागून हलका टेका हवा, बेडी नको, म्हणाली. आणि आत गेलेलं बाहेर काढता आलं पाहिजे.

डावी भिंत भरून झाली. परांची उजवीकडे हलवली. उद्घाटनाची तारीख ठरली, पत्रिका छापायला गेल्या. आणि मग ती मला थिएटर दाखवायला घेऊन गेली.

मी काय सांगू! नव्या लाकडाचा वास, खुर्च्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, वरच्या झरोक्यातून ऊन उतरलेलं. टकटकने मला हात धरून स्टेजवर चढवलं. ती स्वतः खाली मधल्या रांगेत जाऊन उभी राहिली, म्हणजे उभी कसली, येरझारा. "बोल काहीतरी!"

रिकाम्या थिएटरात आम्ही कधी संवाद म्हणायचो नाही, तो अपशकुन. आम्ही घरचंच बोलायचो. मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं आणि म्हटलं, "दूध उतू गेलं वाटतं! कुणी बघतंय का?"

आणि मी कान टवकारले.

आवाज उजवीकडे गेला, वळला, जुन्या ओळखीच्या माणसासारखा परत आला. डावीकडे गेला तो गेलाच. दार उघडून बाहेर निघून गेल्यासारखा. आम्ही जनांतिक, म्हणजे बाकीच्या पात्रांना ऐकू जात नाही असं धरून, बोलताना कायम डाव्या भिंतीकडे वळायचो, तिथे कुजबुजलं तरी शेवटच्या रांगेला पोचायचं. त्या भिंतीला आम्ही 'थोरली' म्हणायचो. मी थोरलीकडे वळले आणि पुन्हा दुधाची चौकशी केली. थोरली गप्प.

"डावीकडची माणसं उठून गेल्यासारखी वाटतात गं," मी म्हटलं.

"माणसं नाहीतच, मावशी."

"ते मला दिसतंय. पण तिकडे आवाज बसतोय."

टकटक थांबली. मग जपून, मला दुखावणार नाही अशा बेताने म्हणाली, "तुझ्या कानाच्या डॉक्टरांनी मागे काय सांगितलं होतं? डावा कान जरा..."

खरं होतं. डावा कान जरा उतरलाय. मी ओशाळले. मिस्त्री उजव्या परांचीवर होते, त्यांनी काम थांबवून टोपी मागे सरकवली. टकटक दोन फेऱ्या मारून आली आणि अचानक म्हणाली, "मावशी, उलटी उभी राहा."

"म्हणजे?"

"खुर्च्यांकडे पाठ कर. आता बोल. जर कान असेल तर बसलेला आवाज डावीकडेच राहील. भिंत असेल तर..."

प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही हे मी अक्षरांच्या आधी शिकले होते. पण केली. मागच्या पडद्याकडे तोंड करून खणखणीत विचारलं, "दूध उतू गेलं वाटतं! कुणी बघतंय का?"

बसलेला आवाज आता माझ्या उजव्या हाताला होता. चांगल्या कानाच्या बाजूला.

मी काही बोलायच्या आत तिला कळलं. माझ्या नुसत्या पाठीवरून कळलं असेल. मी वळले तेव्हा ती उजव्या परांचीच्या शिडीवर अर्ध्यात होती. पर्समधून दंतवैद्याचा छोटा आरसा काढला, टॉर्च दातात धरला, आणि अजून न भरलेल्या एका फुलाच्या भोकात आरसा घातला. इतका वेळ ती एका जागी राहिलेली मी कधी पाहिली नव्हती. मिस्त्रींनी विचारलं, "लाकूड कुजलंय ना, मॅडम?" ती दुसऱ्या फुलाकडे गेली. मग तिसऱ्या.

खाली आली आणि समोरच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या खुर्चीत बसली. बसली!

"मडकी आहेत," ती म्हणाली. "प्रत्येक फुलामागे एक मडकं. भाजलेल्या मातीचं, आडवं बसवलेलं. कुंभाराच्या बोटांच्या रेघा दिसतात आतून. लाकूडबिकूड काही नव्हतंच कधी. ती फुलं नव्हती, मावशी. तोंडं होती. आवाज घुमावा म्हणून ठेवलेली. आणि मी एकेका तोंडात बोळा कोंबत गेले."

"तुला काय माहीत असणार?"

"मला माहीत होतं! म्हणून तर!" ती ताडकन उठली आणि फेऱ्या सुरू झाल्या. "मी वाचलंय हे. एका ठिकाणी डोळ्यांनी पाहिलंय. तिथे मडक्यांचे काठ उघडे दिसत होते. इथे फुलं दिसली, म्हणून मी फुलं पाहिली. आणि भोकं! नवं भोक पाडायला नको म्हणून मी नेमकी तीच वापरली. एखाद्या अडाण्याने ड्रिल घेऊन शेजारी भोकं पाडली असती, तर निम्मा चुना मडक्यांच्या बाहेर राहिला असता. मी इतकी काळजी घेतली, मावशी, की एक थेंब वाया गेला नाही."

चुना आत बसला होता आणि रोज थोडा थोडा धरत होता. पूर्ण धरला की थोरली कायमची मुकी. आणि ती तिने केलेली, जिला भिंती मुक्या असल्या की बरं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली. मला कुणी बोलावलं नव्हतं, मी गेले. साहेबांच्या खोलीत थिएटरची लाकडी प्रतिकृती काचेखाली ठेवलेली होती, इवल्याशा खुर्च्यांसकट. टकटक उभीच. बोलता बोलता तिचं बोट शेजारच्या भिंतीवर गेलं. टक, टक.

"ती प्लायवूड आहे, मॅडम," साहेब म्हणाले. "वाजणारच."

तिने सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तुमच्याच अहवालात लिहिलंय, दोन्ही भिंती भरायच्या. मी त्यावर सही केली, वरच्यांनी सही केली. आता उजवी भरू नका म्हणता आणि डावी रिकामी करू म्हणता?"

"हो."

"कुणाला कळणार आहे?"

"हिला कळलं," तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं जुन्या वास्तूकडे पाहतात. "बाई, तुमचा काळ वेगळा होता. आता सगळीकडे माईक असतात. नटाच्या गालाला चिकटवलेला असतो. भिंतीचं कोण ऐकतं?"

"माईक बंद करता येतो, साहेब," टकटक म्हणाली. "मी भरलेला चुना महिन्याभराने काढता येणार नाही."

साहेब वाईट नव्हते. ते उठून काचेपाशी गेले. "तिथे गाड्या लावायच्या म्हणणारी माणसं अजून खुर्चीवर आहेत. ही तारीख चुकली तर ते थिएटर पुन्हा कुलपात जाईल, आणि ते कुलूप मी काढू शकणार नाही. तुम्ही मडकी वाचवाल आणि थिएटर घालवाल."

"तारीख तुमची. तोवरचे दिवस मला द्या."

"आणि वर काय सांगू? चूक कुणाची म्हणू?"

"माझी. तसं लिहून आणलंय." तिने कागद टेबलावर ठेवला. साहेबांनी वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. "परांची परत डावीकडे न्या," म्हणाले. "पत्रिका परत छापणार नाही, एवढं लक्षात ठेवा."

त्यानंतरचे दिवस आठवले तरी माझे हातपाय हलू लागतात. आमच्या जावयाने दवाखान्याला टाळं लावलं आणि चमचे, आकडे, थुंकी ओढून घेणारं ते घरघरतं यंत्र असं सगळं घेऊन परांचीवर चढला. पहिल्या फुलापुढे उभा राहून सवयीने म्हणाला, "मोठा आ करा."

मिस्त्री इतके हसले की शिडी हलली. मग त्यांनी आकड्याने आतला चुना थोडा बाहेर काढला, दोन बोटांत चोळला आणि त्यांचं हसू बदललं. चुना लोण्यासारखा मऊ होता. "मॅडम," ते म्हणाले, "बरं झालं, नातवंडांच्या लग्नाची वाट बघत बसला हा."

थोडं पाणी पिचकारीने आत, चमच्याने ढवळ, यंत्राने ओढ, आरसा घालून बघ, पुन्हा पाणी. एकेका मडक्याला वेळ लागायचा. मी खाली खुर्चीत बसून चहाचं बघायची आणि दर थोड्या वेळाने स्टेजवर जाऊन दुधाचं विचारायची. टकटक या टोकाकडून त्या टोकाला, कुणाच्या हातातून चमचा घे, कुणाला आरसा दे. मडकं रिकामं झालं की त्यावर बोट आपटायची आणि कान लावायची. जन्मभर जो आवाज ऐकून ती कपाळाला हात लावायची, तोच आवाज यावा म्हणून आता श्वास धरून उभी. "वाजतंय का?" मी खालून विचारायची. "वाजतंय!" ती वरून.

स्टेजकडून सुरुवात करून ते मागे सरकत गेले. थोरली एकेका शब्दाने परत यायला लागली. आधी माझं 'दूध' परत आलं, मग 'उतू', असं मी जावयाला सांगायची आणि तो गंभीरपणे मान डोलवायचा.

मागच्या दाराशी मात्र घात झाला. ते दार कामाच्या वेळी सदा उघडं. तिथे वारा. त्या शेवटच्या फुलांतून हवा आत गेली होती आणि चुना दगडासारखा बसला होता. टकटक एका मडक्याशी झुंजत राहिली. सकाळ गेली, दुपार गेली, ती जेवली नाही. मग आतून एक बारीक आवाज आला. कट्.

तिने हात मागे घेतला. आरसा घालून पाहिलं. मडक्याला तडा गेला होता.

"दुसरं करून बघू," मिस्त्री म्हणाले. "जपून करतो."

"नको."

"अजून दोन दिवस आहेत."

"नको, मिस्त्री. चुना काढायला जाऊ आणि मडकीच फोडू. राहू दे तशीच." तिने आकडा पुसून पर्समध्ये ठेवला. काम थांबवणं तिला कधीच जमलेलं नाही, त्या दिवशी तिने ते केलं. नवरा शिडीवरून खाली उतरत हळूच म्हणाला, "काही दात उपटायचे नसतात. तसेच ठेवायचे आणि जपून चावायचं."

"गप रे," ती म्हणाली. पण त्याच्या खांद्यावर कपाळ टेकलं. वाजवून न पाहता.

उद्घाटनाला थिएटर भरलं. भाषणं झाली, साहेबांना घाम आला, मला जुनी नटी म्हणून दोन शब्द बोलायला वर बोलावलं. कुणीतरी माझ्यापुढे माईक आणून उभा केला. मी तो बंद केला, बाजूला सरकवला. पहिल्या रांगेत साहेबांचा चेहरा पडला. मी हवा भरून घेतली, शेवटच्या रांगेकडे पाहिलं आणि विचारलं, "दूध उतू गेलं वाटतं! कुणी बघतंय का?"

लोक हसले, आणि हसणं दोन्ही भिंतींनी उचललं. मग मी थोरलीकडे वळले आणि अगदी खालच्या आवाजात, कानात सांगावं तसं, या थिएटरात एका पोरीने खोट्या भिंतीसाठी गळा काढला होता ती हकीकत सांगितली. शेवटच्या रांगेतली माणसं पुढे वाकली नाहीत. त्यांना वाकावं लागलं नाही.

टकटक मला कुठे दिसेना. तिला पहिल्या रांगेत जागा होती, ती रिकामी. मग दिसली. डावीकडच्या मागच्या दारापाशी, बरोबर त्या मुक्या फुलांखाली, भिंतीला लागून उभी. ती तिथे का उभी होती ते मला कळलं. बाकी सगळं थिएटर सोडून ती जिथे बिघडलं होतं तिथेच ऐकत होती.

मी हकीकत अर्धी सोडली. नटीने असं करू नये, पण मी केलं. "काय गं," मी तिकडे पाहून म्हटलं, "तिथे येतंय का ऐकू?"

सगळ्या माना मागे वळल्या. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर हो म्हणून मोकळी झाली असती. ती तोंडापाशी हाताचा कर्णा करून ओरडली, "इथे जरा कमी येतं, मावशी!"

आणि तिचा तो आवाज, ज्या आवाजाने तिने आयुष्यात कधी स्टेजवर एक ओळ म्हटली नाही, तो थोरलीच्या एका तोंडातून दुसऱ्या तोंडात, फुलामागून फुलात पुढे आला आणि माझ्या उतरलेल्या कानाशीसुद्धा खणखणीत पोचला. साहेब खुर्चीतच मागे वळून छताकडे, भिंतीकडे बघत राहिले. मिस्त्रींनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

तिला टाळ्यांचं काही नव्हतं. ती केव्हाच भिंतीकडे वळली होती. चवड्यांवर उभी राहून, हात ताणून, वरच्या फुलापर्यंत बोट पोचतं का ते बघत होती.